कुत्रा-मांजर शेल्टरला सोपवायचं असेल तर: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन केला की गाडी येऊन घेऊन जाते का?

बहुतेक वेळा नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे पिंजरे मोजकेच असतात. त्यात पहिला नंबर लागतो तो महामार्गावर उडवलेल्या कुत्र्याचा, जखमेत अळ्या पडलेल्या मांजराचा, विहिरीतून काढलेल्या पिल्लाचा. घरात पंख्याखाली झोपणारा धडधाकट लॅब्राडोर या यादीत शेवटी येतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून 'परवा आम्ही पुण्याला शिफ्ट होतोय, उद्या घेऊन जा' अशा फोनला नकार मिळतो. तीन-चार आठवडे हातात ठेवून फोन करा. हा वेळ नुसता वाट बघण्यात जात नाही. लस, नसबंदी, रक्ततपासणी आणि दुसरं घर शोधणं, सगळं याच काळात होतं. प्राण्याचं पुढे काय होणार हे बरंचसं या आठवड्यांत तुमच्या हातूनच ठरतं.

फोन करण्याआधी चार गोष्टी तयार ठेवा: समोरून आणि बाजूने काढलेले दोन स्वच्छ फोटो, पट्टा लावून चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, अनोळखी माणूस घरात आल्यावर तो कसा वागतो याचा दुसरा व्हिडिओ, आणि लसीचं कार्ड. पुढच्या माणसाला 'खूप प्रेमळ आहे हो' या वाक्यापेक्षा या चार गोष्टींतून जास्त कळतं.

अडचण घरीच सुटू शकते का?

बऱ्याचदा सुटते. नेहमी कानावर येणारी कारणं बघू.

सून गरोदर आहे आणि घरात मांजर आहे. इथे भीती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते. मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडलेली त्याची अंडी संसर्ग करण्यालायक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे शीचा ट्रे रोजच्या रोज आणि घरातल्या दुसऱ्या कोणी साफ केला, मांजराला कच्चं मटण दिलं नाही, भाज्या नीट धुतल्या आणि मातीत हात घालताना हातमोजे वापरले, तर मांजर हलवण्याची गरज पडत नाही. तरीही शंका असेल तर बाईंच्या डॉक्टरांना विचारा. शेजारच्या काकूंचं ऐकून निर्णय घेऊ नका.

सोसायटीने ठराव केला. बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. भाडेकरूचं मात्र वेगळं असतं, तिथे घरमालकाबरोबरचा करार बघावा लागतो.

सुरत, नाशिक, पुण्याला बदली झाली. घर शोधतानाच एजंटाला कुत्रा असल्याचं सांगा. आधी घर ठरवून मग कुत्र्याचं बोलायचं, हा क्रम उलटा आहे आणि निम्म्या वेळा तिथेच फसतं.

भुंकतो, चपला फाडतो, गच्चीवर बांधला की रडतो. वर्ष-दीड वर्षाचा कुत्रा दिवसभर साखळीला असेल तर हे होणारच. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालवणं आणि रात्री घरात झोपू देणं, एवढं पंधरा दिवस करून बघा. अचानक चिडका झालेल्या कुत्र्याचे मात्र आधी कान, दात आणि कंबर तपासून घ्या. दुखणारा कुत्रा गुरगुरतो, आणि घरचे त्याला माजला म्हणतात.

शेल्टरऐवजी स्वतःच दुसरं घर कसं शोधायचं?

शक्य असेल तर हाच मार्ग निवडा. घरातून घरात गेलेला प्राणी लवकर रुळतो. शेल्टरमध्ये चोवीस तास भुंकण्याचा आवाज, अनोळखी वास आणि आजारांचा धोका असतो.

जाहिरात लिहिताना वय, वजन, नसबंदी झाली की नाही, लहान मुलांशी, मांजरांशी आणि कोंबड्यांशी कसा वागतो ते लिहा. खेड्यात जाणार असेल तर कोंबड्यांचं आवर्जून लिहा, नाहीतर आठ दिवसांत परत येईल. 'फुकट देणे आहे' असं लिहू नका. विलायती जातीची, नसबंदी न झालेली मादी फुकट म्हटली की पहिला फोन ब्रीडिंग करणाऱ्याचा येतो आणि ती वर्षाला दोनदा पिल्लं काढत एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये संपते. म्हणून द्यायच्या आधी नसबंदी करून घ्या. एवढ्या एका गोष्टीने असले गिऱ्हाईक आपोआप गळतात.

माणूस पसंत पडला तर त्याच्या घरी एकदा जाऊन या. बघायचं एवढंच: बांधायची जागा सावलीत आहे का, फाटकाखालून बाहेर निसटेल का, घरातल्या सगळ्यांना तो हवा आहे का (एकट्या कॉलेजातल्या मुलाला हवा असेल तर आईशी बोला), आणि याआधी पाळलेला कुत्रा कशाने गेला. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात बरंच काही कळतं. सात ते दहा दिवसांची चाचणी ठरवा आणि 'जमलं नाही तर परत माझ्याकडेच, दुसऱ्या कुणाकडे नाही' हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

देण्याआधी दवाखान्यात काय काय करून घ्यायचं?

लस सगळ्यात आधी, आणि ती द्यायच्या दिवशी नाही. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे जातात. सकाळी लस आणि दुपारी शेल्टर, हे पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या संसर्गांपुढे कार्ड दाखवण्यासारखं आहे. कुत्र्याला रेबीज आणि सात-इन-वन किंवा नऊ-इन-वन (एकाच टोचणीत अनेक आजारांवरची) लस, मांजराला रेबीज आणि ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस). वर्षाचा बूस्टर चुकला असेल तर तो घ्या. जंताचं औषधही याच फेरीत द्या.

दुसरं, गोचीड. आपल्याकडे गोचीड ताप पावसाळ्यात आणि त्यानंतरही खूप दिसतो. वरून कुत्रा ठीक वाटतो, जेवण थोडं कमी झालेलं असतं, आणि रक्तात प्लेटलेट घसरलेल्या असतात. नाकातून रक्त येणं, हिरड्या पांढुरक्या दिसणं, पोटावर लाल ठिपके, यातलं काहीही असेल तर आधी उपचार. रक्ताची तपासणी करून रिपोर्ट सोबत दिला तर शेल्टरचे दोन-तीन दिवस वाचतात.

तिसरं, नसबंदी. साधारण सहा महिन्यांनंतर करता येते. टाके भरायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस घरीच ठेवा. कच्च्या टाक्यांचा प्राणी शेल्टरमध्ये सोडला की तो टाके चाटतो, जखम उघडते, आणि तिथे चोवीस तास लक्ष ठेवायला कुणी नसतं. मादी माजावर असेल तर डॉक्टर सहसा दोन-अडीच महिने थांबायला सांगतात. तोवर तिला मोकळं सोडू नका.

खर्च झेपत नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जा. तिथे गाई-म्हशींची रांग असते, पण कुत्री-मांजरंही बघतात. पशुसंवर्धन विभागाचा मदत क्रमांक १९६२ आहे.

फॉर्ममध्ये काय विचारतात? चावल्याचं लिहिलं तर नाकारतील ना?

नाव, वय, जात, लस, आजार, औषधं, खाणं, सवयी आणि चावण्याचा इतिहास एवढं विचारतात. शेवटचा रकाना बहुतेक लोक कोरा ठेवतात किंवा 'नाही' लिहितात. हे करू नका.

चावला असेल तर कसं ते लिहा. 'चावतो' या शब्दाने समोरच्याला काहीच कळत नाही. 'ताटलीत हात घातला तर चावतो', 'झोपेत पाय लागला तर झडप घालतो', 'नखं कापताना दात लावतो, पण कातडी फाटत नाही', 'हेल्मेट घातलेल्या माणसावर धावतो' असं लिहिलेलं असेल तर त्याला सांभाळता येतं आणि योग्य घरही शोधता येतं. लपवलंत तर पहिल्याच दिवशी तिथला मुलगा ताटली उचलायला वाकेल आणि टाके घालून घेईल. त्यानंतर त्या कुत्र्याच्या पिंजऱ्यावर लाल खूण लागते आणि दत्तकाच्या यादीतून त्याचं नाव खाली सरकतं. खरं सांगितलं म्हणून एखादी संस्था नाही म्हणू शकते, मान्य. पण ती नाही म्हणाली याचा अर्थ तिच्याकडे तशा कुत्र्याला सांभाळणारा माणूस नाही, आणि हे आधी कळलेलं बरं.

आजारांचंही तसंच. घरात मागच्या वर्षभरात पार्व्होने पिल्लू दगावलं असेल तर ते सांगा. हा विषाणू जमिनीत, पोत्यात, भांड्यात कित्येक महिने टिकतो, आणि साध्या फिनाईलवर भरवसा ठेवता येत नाही. फरशीवर ब्लीच लागतं, एका भागाला साधारण तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून.

गेल्याच आठवड्यात तो कुणाला तरी चावलाय. आता देता येईल का?

आता नाही. चावलेल्या दिवसापासून दहा दिवस त्याला घरीच, बांधून, पण नीट खाऊ-पिऊ घालत नजरेखाली ठेवा. दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. मधल्या काळात तो सुस्त झाला, आवाज बदलला, लाळ गळायला लागली, गिळता येईना किंवा मेला, तर लगेच पशुवैद्यकांना कळवा. ज्याला चावला त्याने मात्र दहा दिवस वाट बघायची नाही: जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. हळद, चुना, तिखट जखमेवर लावू नका.

कागद कोणते लागतात?

तुमचं ओळखपत्र, लसीचं कार्ड, दवाखान्याचे जुने कागद आणि सोपवल्याचं संमतिपत्र. ओळखीसाठी कातडीखाली मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा १५ अंकी नंबर, आणि जातीचे कागद असतील तर तेही. संमतिपत्रावर घरातल्या ज्याच्या नावाने कुत्रा आणला त्याची सही घ्या. नवऱ्याने परस्पर देऊन टाकला आणि चार दिवसांनी बायको दारात उभी, असं होऊ देऊ नका. तुमच्याकडे एक प्रत ठेवा.

सोबत काय द्यायचं?

त्याचं अंथरूण, न धुतलेलं. घरचा वास हेच त्याचं काम आहे. त्याची वाटी, पट्टा, चालू औषधं आणि सात दिवसांचं नेहमीचं खाणं. खाणं एकदम बदललं की हगवण लागते, आणि शेल्टरमध्ये हगवण दिसली की पार्व्होची शंका येऊन तो वेगळा कोंडला जातो. म्हणून आठवडाभर जुनं कमी करत नवं वाढवतात.

रोज काय खातो ते खरंखुरं लिहा. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खाणाऱ्या कुत्र्याबद्दल 'पेडिग्री खातो' असं लिहिलंत तर तो तिथे दोन दिवस उपाशी बसेल. शेवभाजीचा रस्सा घालत असाल तर तेही लिहा, लाजू नका. (आणि घालू नका. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्ताला बाधतो.)

त्याला कळणारे शब्द जसे घरी बोलता तसे लिहून द्या. 'आठे ये', 'बठ' ऐकत वाढलेला कुत्रा 'कम' आणि 'सिट'ला ढिम्म बसतो, आणि तिथल्या माणसाला वाटतं बहिरा आहे.

उन्हाळ्यात कसं न्यायचं?

एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ ला टेकतो. सकाळी आठच्या आत पोहोचायचं असा हिशेब करूनच निघा. पग, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना तर दुपारचा प्रवास नकोच. निघण्याआधी चार तास जेवण नको, पाणी चालेल. बंद गाडीत 'पाच मिनिटं चहा घेऊन येतो' म्हणून ठेवू नका.

जीभ लांब बाहेर, हिरड्या गडद लाल, चिकट लाळ, झोकांड्या, ही उष्माघाताची लक्षणं. गाडी सावलीत थांबवा, साधं पाणी अंगभर ओता, वारा घाला आणि सरळ दवाखाना गाठा. ओलं कापड अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तोंडात बळेबळे पाणी ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं.

मांजर गोणीत घालून आणलं तर चालेल?

नाही. गोणीत ते घाबरून धापा टाकतं आणि तोंड सोडलं की सुटतं ते थेट रस्त्यावर. पिंजरा नसेल तर टोमॅटोची दोन प्लास्टिकची कॅरेट घ्या. एकात जुना टॉवेल अंथरा, मांजर ठेवा, दुसरं वर पालथं घाला आणि चारही बाजूंनी सुतळीने घट्ट बांधा. जाळीतून पंजा बाहेर येणार नाही अशी कॅरेट निवडा. वरून पातळ कापड टाका, अंधारात मांजर शांत राहतं. दोन मांजरं असतील तर दोन वेगळे पिंजरे, घरी कितीही गळ्यात गळे घालत असली तरी.

मांजराबद्दल आणखी एक. नव्या जागी गेल्यावर ते बऱ्याचदा खाणं सोडतं. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतावर चरबी चढून ते दगावू शकतं. त्याला सुकी मासळी आवडते की उकडलेलं अंडं, हे फॉर्मच्या कोपऱ्यात लिहिलेलं असेल तर ते जगतं.

पैसे द्यावे लागतात का?

काही संस्था मागतात, काही मागत नाहीत. वीस किलोच्या कुत्र्याला रोज ३०० ग्रॅम खाद्य धरलं तरी महिन्याला नऊ किलो होतं, वर औषध आणि सफाई वेगळी. झेपेल तेवढं द्या आणि पावती घ्या. 'कुत्रा तुम्हाला देतोय, तुम्हीच मला काहीतरी द्या' असं म्हणणारेही असतात. त्यांना शेल्टर नाही, ओएलएक्स हवं असतं.

तिथे मारून टाकतात का?

जागा नाही म्हणून निरोगी कुत्र्याला मारणं आपल्याकडे बेकायदा आहे. बरं न होणाऱ्या दुखण्यात, पशुवैद्यकाच्या निर्णयाने, वेदना संपवण्यासाठी इंजेक्शन देता येतं. शेल्टरमधला खरा धोका आहे तो संसर्गाचा आणि खंगण्याचा.

नंतर परत मागता येईल? भेटायला जाता येईल?

सही केली की ताबा संस्थेकडे गेला. काही संस्था ठरावीक दिवसांत परत देतात, ते सही करण्याआधीच विचारा. नव्या घराचा पत्ता सहसा सांगत नाहीत. भेटीचं म्हणाल तर पहिले दोन-तीन आठवडे जाऊ नका. तुम्ही दिसलात की तो पुन्हा फाटकाशी बसतो आणि रुळायला लागलेला सगळा पाया उखडतो.

कुणीच घेत नाही. घाटात किंवा शेतात सोडला तर?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणे उपासमार होईल अशा रीतीने जनावर सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये, म्हणजे कायद्याची भीती कुणाला वाटावी असा नाही. पण घडतं काय ते बघा. कन्नड घाटात गाडीतून उतरवलेला कुत्रा गाडीमागे धावतो आणि मागच्या ट्रकखाली येतो. यावलच्या जंगलात सोडलेला बिबट्याच्या तोंडी जातो, किंवा वाचलाच तर आपला डिस्टेंपर कोल्ह्या-लांडग्यांना देऊन जातो. दुसऱ्या गल्लीत सोडलेल्याला तिथली टोळी फाडते. शेल्टरच्या फाटकाला रात्री बांधून पळणंही यातच आलं: नाव नाही, लस माहीत नाही, आणि सकाळपर्यंत गळ्याला दोरीचा फास.

महापालिकेची कुत्रे पकडणारी गाडी घेऊन जाईल का?

ती गाडी भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी असते. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडतात. तुमचा पाळलेला भटका म्हणून दिलात तर आठवड्याने तो तुमच्याच गल्लीत, कानाला खाच घेऊन उभा.

कुत्रीने घराजवळ पिल्लं घातली आहेत. सगळी शेल्टरला देऊ?

आठ आठवडे आईजवळ राहू द्या. लस न झालेली पिल्लं शेल्टरमध्ये नेली की पार्व्होत अख्खी वीण जाऊ शकते. पोत्याचा आडोसा करा, आईला खायला घाला, पिल्लांना लस सुरू झाली की एकेक घर शोधा, आणि दूध आटलं की आईची नसबंदी करा.

म्हातारा बैल, भाकड गाय घेतात का?

कुत्र्या-मांजरांचं शेल्टर नाही घेत, त्यासाठी गोशाळा आणि पांजरपोळ. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर आणि पशुवैद्यकाचा दाखला जवळ असल्याशिवाय टेम्पोत चढवू नका, रस्त्यात अडवतात. चाऱ्याची सोय विचारून घ्या. कोरड्या वर्षात गोशाळाच कडब्याच्या शोधात असतात, अशा वेळी जनावराबरोबर दोन-चारशे पेंढ्या पोहोचवल्या तर 'जागा नाही' हे उत्तर बदलतं.

पोपट, कासव?

पिंजऱ्यातला आपला देशी पोपट आणि चांदणी कासव पाळणंच वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. ते वनविभागाकडे द्या, मदत क्रमांक १९२६. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पोपट खिडकीतून उडवू नका, त्याला ना उडायची ताकद असते ना खाणं शोधायची सवय. दुकानातून आणलेलं लाल कानाचं कासव मात्र परदेशी आहे. ते मोठं झालं म्हणून मेहरूण तलावात किंवा तापीत सोडू नका, ते तिथे जगतं आणि इथल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतं. मोठी टाकी असलेला कुणीतरी शोधून त्यालाच द्या.